आवाजाला समास सोडावा

(जालना येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं हे रेकॉर्डिंगचं काय काढलं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्यात सध्या जे चाललं आहे त्यात आहे. महाविद्यालयातली मुलंमुली, शिक्षक, काही हौशी मंडळी गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांचे आवाज टिपताहेत. कुणी जात्यावरच्या ओव्या, कुणी गोंधळ, कुणी तांड्यावरची गाणी, कुणी बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी. फार मोलाचं काम आहे. त्यातलं काही माझ्याकडेही ऐकायला येतं. ऐकताना वारंवार एक गोष्ट जाणवते. आशय सोन्यासारखा, आवाज मात्र फाटलेला. आजी सुरुवातीला हळू बोलते, तिथं सगळं ठीक असतं. मग ओवी रंगात येते, भावाचं नाव येतं, आजीचा आवाज चढतो आणि नेमकं तिथंच 'कर्र' होतं. ज्या शब्दासाठी एवढं लांब गेलो, तोच गेला.

हे होतं ते लेव्हल चुकल्यामुळे. लेव्हल म्हणजे ध्वनिमुद्रण करताना यंत्रात आवाज किती जोरानं आत घ्यायचा त्याची पातळी. आपण सगळे 'लेव्हल'च म्हणतो, मीही तोच शब्द वापरतो. हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे असं वाटतं. पण त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला की लक्षात येतं, वाद दर वेळी एकच होता. यंत्रापुढे माणसानं वाकायचं, की माणसापुढे यंत्रानं?

भोंग्यापुढची माणसं

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला होता आणि एका हॉटेलच्या खोलीत त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. आपल्याकडच्या व्यापारी तबकड्यांचा इतिहास तिथून धरतात. तेव्हा वीज वापरणारा माईक नव्हता. होता एक मोठा भोंगा. त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गाणाऱ्याच्या छातीतून निघालेली हवा पडदा हलवायची, सुई मेणात खाच पाडायची. बस, एवढंच. मध्ये आवाज वाढवणारं किंवा कमी करणारं काहीही नाही.

मग लेव्हल कशी ठरायची? माणूस हलवून! आवाज बारीक असेल तर भोंग्यात तोंड घालून गायचं. तान वर चढली की मागे सरायचं, नाहीतर सुई खाच सोडून उडायची. सरायचं लक्षात राहिलं नाही तर शेजारी उभा असलेला माणूस खांद्याला धरून मागे ओढायचा. साथीची वाद्यं किती लांब बसवायची तेही भोंगाच ठरवायचा. आणि हे सगळं तीनेक मिनिटांत उरकायचं. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या याच भोंग्याच्या काळातल्या.

मी एक प्रयोग सुचवतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९०५ च्या सुमाराला भोंग्यापुढे गायले आणि नंतर १९३० च्या दशकाच्या मध्याला माईकपुढे गायले. दोन्ही मुद्रणं आज ऐकायला मिळतात. ती एकापाठोपाठ एक ऐका. खाँसाहेबांचा आवाज मुळात बारीक, नाजूक, सुरावर रेंगाळणारा. भोंग्यापुढे त्यांना तो जोरानं फेकावा लागतो. माईकपुढे ते गुणगुणल्यासारखे गातात आणि तरीही सगळं कानापर्यंत येतं. मधल्या काळात यंत्र थोडं वाकायला शिकलं होतं.

सुई आणि लाल रेघ

हा बदल घडला १९२५ मध्ये, विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर. आता माईक आला, त्याच्यामागे आवाज वाढवणारा अँप्लिफायर आला आणि त्या दोघांच्या मध्ये एक बटण आलं. हे गोल बटण फिरवणारा माणूस म्हणजे ध्वनिमुद्रक. लेव्हल आता गाणाऱ्याच्या पायांतून निघून ध्वनिमुद्रकाच्या बोटांत आली.

पण बोटांना डोळे हवेत. किती फिरवायचं ते कळायला हवं. म्हणून मीटर आले. अमेरिकेत १९३९ मध्ये बेल प्रयोगशाळा आणि तिथल्या रेडिओ कंपन्यांनी मिळून 'व्हीयू मीटर' प्रमाणित केला. पिवळसर तबकडी, काळी सुई, शून्यापर्यंत काळी रेघ आणि शून्याच्या पुढे लाल. आकाशवाणीच्या जुन्या स्टुडिओंत, जुन्या टेपरेकॉर्डरवर तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. रेडिओ आपल्या भागाला फार परका नव्हता, बरं का. १९४७ साली देशातल्या संस्थानांत जी पाच रेडिओ केंद्रं होती, त्यांत हैदराबाद संस्थानातलं औरंगाबादचं केंद्र होतं. इथून ते साठेक किलोमीटरवर.

या मीटरची एक खोड लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्याची सुई मुद्दाम संथ केलेली होती. पूर्ण वर चढायला तिला साधारण तीन दशांश सेकंद लागतात. कान ज्याला 'मोठेपणा' म्हणतो तो ती बऱ्यापैकी दाखवते. क्षणभराचा फटका मात्र तिला दिसतच नाही. गोंधळ्याच्या संबळावर काठी पडते, हलगी कडाडते, तो आवाज सेकंदाच्या काही हजाराव्या भागात टोकाला जाऊन खाली येतो. सुई बिचारी अर्ध्या वाटेवर असते. ब्रिटनच्या बीबीसीनं याच कारणासाठी १९३० च्या दशकात टोक दाखवणारा वेगळा मीटर बनवला. म्हणजे बघा, 'आवाज किती आहे' या साध्या प्रश्नाला तेव्हापासूनच दोन उत्तरं आहेत. एक सरासरीचं आणि एक टोकाचं.

फितीचा उदारपणा

पुढे चुंबकीय फीत आली. जर्मनीत १९३५ मध्ये तिचं पहिलं यंत्र लोकांपुढे मांडलं गेलं. १९६३ मध्ये फिलिप्सनं तीच फीत छोट्या कॅसेटमध्ये घातली आणि ऐंशीच्या दशकात कॅसेट आपल्या बाजारात, एसटी स्टँडवर, रसवंतीवर पोचली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज खेड्यापाड्यांत गेले त्यात कॅसेटचा मोठा वाटा आहे.

फितीचा स्वभाव समजून घ्या, कारण आपल्या आजच्या चुका तिथून आलेल्या आहेत. फितीला स्वतःची एक खरखर असते, सतत चालणारा 'स्स्स'. कॅसेटची फीत अरुंद आणि चाल मंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, त्यामुळे ही खरखर जास्तच. आवाज हळू भरला तर तो खरखरीत बुडतो. जोरात भरला तर? तर फीत एकदम तुटून पडत नाही. चुंबकीय कण हळूहळू भरत जातात, आवाजाची टोकं थोडी गोल होतात, थोडा जाडपणा येतो. कित्येकांना तो आवडायचासुद्धा. म्हणून ध्वनिमुद्रकांच्या पिढ्या एकच धडा शिकल्या. लेव्हल वर ठेवा, सुई लाल रेघेला जरा टेकली तरी चालेल. फितीच्या बाबतीत हा धडा अगदी बरोबर होता.

स्वस्त कॅसेट रेकॉर्डरनं आणखी एक गोष्ट केली. त्यानं लेव्हलचं बटणच काढून टाकलं. आवाज हळू आला की यंत्र आपोआप वाढवायचं, जोरात आला की आपोआप दाबायचं. लोकांची सोय झाली. पण किंमत काय? बोलणारा दम घ्यायला थांबला की यंत्राला वाटतं आवाज कमी झाला, ते पातळी वाढवतं आणि पंखा, कोंबड्या, रस्त्यावरचा ट्रॅक्टर सगळे पुढे येऊन बसतात. माणूस पुन्हा बोलला की पहिला शब्द दणकन् आदळतो आणि पुढचे दबतात. कुजबुज आणि हाक एकाच उंचीची होतात. आता मला सांगा, आजीनं हळू आवाजात सांगितलेली सासरची गोष्ट आणि मोठ्यानं घेतलेलं देवाचं नाव, यांतला फरकच काढून टाकला तर मागे काय उरलं? शब्द उरले, पण त्या कशा बोलल्या ते गेलं.

आकड्यांचं छत

आता डिजिटलकडे येऊ. अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानं १९३८ मध्ये एका कल्पनेचं पेटंट घेतलं. आवाजाची लाट जशीच्या तशी पाठवण्याऐवजी ठराविक क्षणांना तिची उंची मोजायची आणि फक्त आकडे पाठवायचे. ही कल्पना घराघरात यायला वेळ लागला. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. आज तुमच्या खिशातला फोन मुळात हेच करतो.

इथं फरक काय पडला ते आपल्या ओळखीच्या वस्तूवरून सांगतो. तहसील कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक असतो. आपल्या दुष्काळी भागात त्याच्या आकड्यावर केवढ्या गोष्टी अवलंबून असतात, ते तुम्हाला सांगायला नको. समजा, पावसाची चार थेंबं पडली. मोजायला अवघड, पण बारीक नजरेनं मोजता येतात. उलट, ढगफुटी झाली आणि भांडं भरून वाहिलं, तर किती पाऊस पडला? कुणीच सांगू शकत नाही. 'भांडं भरलं' एवढंच सांगता येतं. वाहून गेलेलं पाणी नंतर कितीही हुशार माणूस आला तरी त्या भांड्यात परत येत नाही.

डिजिटल आवाजाचं तसंच आहे. सर्वांत वरच्या पायरीला शून्य म्हणतात आणि त्याखालचं सगळं उणे डेसिबलमध्ये मोजतात. उणे ६, उणे १२, उणे २० असं. शून्याच्या वर आकडाच नाही. आवाज त्याच्या वर गेला की लाटेचा माथा सपाट कापला जातो. तोच तो 'कर्र'. फितीसारखं हळूहळू गोल होणं इथं नाही. इथं सरळ छत आहे आणि डोकं आपटतं.

आणि खालची बाजू? तिथं मात्र डिजिटल फार उदार आहे. एका बिटाला साधारण ६ डेसिबल असा हिशोब असतो. १६ बिटांत ९६ डेसिबलची खोली मिळते. २४ बिटांत कागदावर १४४, आणि चांगल्या यंत्रात प्रत्यक्षात त्याहून कमी, पण तरीही भरपूर. आता गावातली परिस्थिती पाहा. शांत म्हणावी अशा खोलीतही तीस-पस्तीस डेसिबल आवाज असतोच. जवळून चढ्या आवाजात गाणारा माणूस नव्वद-शंभरापर्यंत जातो. म्हणजे आपल्याला साठ-सत्तर डेसिबलचं अंतर टिपायचं आहे. भांडं शंभराहून खोल आहे. मग ते काठोकाठ भरायची घाई कशासाठी? टोकाचा आवाज उणे १२ वर ठेवला तर जातात फक्त दोन बिटं. बाकी सगळं जागेवर राहतं. नंतर घरी बसून तो आवाज हवा तेवढा मोठा करता येतो.

तरीसुद्धा लोक काठोकाठ भरतात. का? कारण फितीच्या काळातला धडा हातात मुरला आहे. गुरूनं सांगितलं ते शिष्यानं सांगितलं, यंत्र बदललं पण धडा बदलला नाही. विचारांच्या इतिहासात हे नेहमी घडतं. कारण निघून जातं आणि नियम मागे राहतो. त्यात भर म्हणजे 'मोठा तो चांगला' हा आपला काळ. मिरवणुकीतल्या डीजेपासून सगळीकडे तोच न्याय.

सुवर्णमध्य की झुकतं माप?

इथं थोडं माझ्या विषयाकडे वळतो, नाहीतर विद्यापीठानं दिलेली पदवी वाया जायची.

बौद्ध वाङ्मयात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो साधनेत स्वतःला इतका ताणतो की पाय रक्तबंबाळ होतात. बुद्ध त्याला विचारतात, तू पूर्वी वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडली तर? मध्यम मार्ग समजावण्याचा याहून सुंदर दाखला मला माहीत नाही. फितीच्या काळात हाच न्याय लागू होता. खाली खरखर, वर विकृती आणि मध्ये सुरेल जागा.

डिजिटलला मात्र तो जसाच्या तसा लागू होत नाही, कारण इथले दोन धोके सारखे नाहीत. एका बाजूला थोडं नुकसान आहे, भरून येणारं. दुसऱ्या बाजूला कायमचं. अ‍ॅरिस्टॉटल सुवर्णमध्याचा तत्त्वज्ञ म्हणून आपण शिकवतो, पण त्याच्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी तो एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, ती आपण विसरतो. दोन टोकांपैकी एक नेहमी जास्त घातक असतं. मध्य नेमका सापडत नसेल तर निदान त्या घातक टोकापासून दूर झुका. लेव्हलच्या बाबतीत मला हा सल्ला तंतोतंत पटतो. नेमका मध्य शोधत बसू नका, खाली झुका.

यंत्रवाले या मोकळ्या ठेवलेल्या जागेला हेडरूम म्हणतात. डोक्यावरची मोकळी जागा. मला त्यासाठी आपला एक जुना शब्द जास्त जवळचा वाटतो. समास. वहीच्या कडेला सोडतो तो.

तो का आठवला ते सांगतो. आपल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ चा जन्म. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं वाटोळं काढावं, ओळी कशा सरळ राखाव्यात, असं अगदी हाताला धरून शिकवलेलं आहे. त्यात ते सांगतात की पानाच्या भोवती जागा सोडावी आणि मजकूर मध्ये लिहावा. कारण? कागद कडेनं झडला तरी अक्षराला धक्का लागू नये. बघा, सतराव्या शतकातला माणूस कागद वाचवायच्या मागे लागलेला नाही, आणि कागद तेव्हा काही स्वस्त नव्हता. तो मुद्दाम कोरी जागा 'वाया' घालवतो आहे, कारण पुढे काय होईल ते त्याला ठाऊक नाही. वाळवी लागेल, पाणी लागेल, कडा झिजतील. त्या माहीत नसलेल्या गोष्टीसाठी सोडलेली जागा म्हणजे समास.

ध्वनिमुद्रणात वरची जागा आपण नेमकी याचसाठी सोडतो. समोरची व्यक्ती पुढच्या क्षणाला काय करील ते आपल्याला माहीत नसतं. ती हसेल, हुंदका देईल, हाक मारील, एकदम वरच्या पट्टीत जाईल. माहीत असतं तर मुद्रण करायला गेलोच नसतो!

जात्यावरचे आवाज

हे किती गंभीर आहे, ते एका मोठ्या कामावरून दिसतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून लाखाहून जास्त ओव्या कागदावर उतरवल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभियंता आणि संगीताचे अभ्यासक त्या कामात आले आणि त्यांनी सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण केलं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यात आहेत. १९९६ चं मुद्रण. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी' या ऑनलाइन संग्रहालयानं ती ठेव लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्यांची मंडळी पुन्हा त्या गावांत गेली, तोवर गाणाऱ्यांपैकी काही जणी हयात नव्हत्या. गी पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. उरले ते आवाज.

लाखभर ओव्या कागदावर आहेत, त्यातल्या थोड्याच आवाजात आहेत. म्हणून जो आवाज हाती लागला त्याचं मोल केवढं, ते ओळखा. आणि आपल्या मराठवाड्याला हा हिशोब जास्तच लागू आहे. ग्रिअर्सननं हिंदुस्थानातल्या भाषांचं एवढं मोठं सर्वेक्षण केलं, पण त्यातून हैदराबाद संस्थान वगळलेलं होतं. म्हणजे त्या काळी आपली बोली मोजलीच गेली नाही. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं राज्यभर सर्वेक्षण केलं आणि लोकांचे प्रत्यक्ष आवाज इंटरनेटवर ठेवले, ही समाधानाची गोष्ट. पण एका संस्थेला प्रत्येक आजीपर्यंत पोचता येत नाही. तिथं तुम्हीच पोचणार आहात.

करायचं काय?

आता हाताला लागेल असं सांगतो. तरुण मंडळींनी लिहून घ्यायला हरकत नाही.

आत येणारा आवाज आणि ऐकू येणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेडफोनचा आवाज कमी केला म्हणजे लेव्हल कमी झाली असं होत नाही. तसंच फाटलेला आवाज नंतर संगणकावर कमी केला तर तो हळू आवाजात फाटलेला ऐकू येतो, दुरुस्त होत नाही. म्हणून आकडे तयार होण्याआधीचं जे बटण आहे, त्यालाच हात घालायचा.

मुद्रणाआधी माणसाला 'हॅलो, हॅलो' म्हणायला लावून लेव्हल धरू नका. ते कुणी खऱ्या आवाजात म्हणत नाही. एखादी ओवी म्हणू द्या, किंवा घरातल्या कुणाला लांबून हाक मारायला सांगा. त्या वेळी टोक उणे १२ च्या आसपास राहील असं बटण लावा. गाणं रंगल्यावर माणूस चाचणीपेक्षा चढाच गातो, तेव्हा टोक उणे ६ पर्यंत जाईल. जाऊ द्या, अजून जागा आहे. संबळ, हलगी, टाळ-पखवाज असेल तर आणखी खाली ठेवा. या वाद्यांचं टोक क्षणभराचं असतं, पण छताला आपटायला तेवढा क्षण पुरतो. मीटर सरासरी दाखवतो की टोक, ते आधी पाहून घ्या.

अंतर हीदेखील लेव्हलच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. बोलणाऱ्यापासून वीतभर ते हातभर अंतर चांगलं. मीटर उणे १० दाखवतोय आणि तरी आवाज फाटतोय, असं कधी होतं. तेव्हा समजा की माईकच अति जवळ आहे, घाव आकड्यांच्या आधीच बसतो आहे. माईक लांब न्या.

जातं फिरत असेल तर रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नका, दगडाची घरघर जमिनीतून वर चढते. खाली वाकळ घडी करून घाला. पंखा बंद करा, पण घरच्यांना विचारून. फाइल वेव्ह प्रकारात ठेवा, जमल्यास २४ बिट. आपोआप लेव्हल बदलणारी सोय बंद करा. आणि पहिलं मिनिटभर मुद्रण झालं की थांबून हेडफोनवर ऐका. परत येऊन ऐकण्यात अर्थ नाही.

हल्ली, २०१९ च्या सुमारापासून, ३२ बिट फ्लोट नावाची पद्धत हातात मावणाऱ्या रेकॉर्डरमध्ये आली आहे. तिच्यात आकड्यांचं छत इतकं उंच असतं की लेव्हल चुकली तरी बहुधा नंतर सावरता येते. परवडत असेल तर जरूर घ्या. पण माईकची मर्यादा, खोलीचा गोंगाट, अंतर, हे तिथंही तुमच्याच हातात राहतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आवाज चढला म्हणून समोरच्या माणसाला कधीही "आजी, जरा हळू म्हणा" असं सांगू नका. ते म्हणजे पुन्हा भोंग्याचा काळ आणणं. तुम्ही माईक मागे घ्या, बटण खाली करा, वाटल्यास पुन्हा एकदा म्हणायची विनंती करा. त्यांना त्यांच्या आवाजात गाऊ द्या. यंत्रानं वाकायला शंभर वर्षं घेतली आहेत, आता आपण माणसाला वाकवायला नको.

एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, आमच्याकडे साधा फोनच आहे. त्यात लेव्हलचं बटण नाही आणि आपोआप बदलणारी सोय बंदही होत नाही. मग?*

उत्तर: मग अंतर हेच तुमचं बटण. फोन हातात धरू नका, एखाद्या उंचवट्यावर स्थिर ठेवा, माणसापासून हातभर. तोंडासमोर सरळ न धरता जरा बाजूला, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. लेव्हल हातानं लावू देणारी काही मोफत ॲप मिळतात, ती तुमच्या फोनवर चालतात का ते घरी तपासून मगच गावाला जा. आणि साधा फोन आहे म्हणून जायचं थांबू नका. चांगलं यंत्र मिळेपर्यंत माणूस थांबेल, याची खात्री कुणी द्यावी?

*प्रश्न: आधीच फाटलेली जी रेकॉर्डिंगं आहेत, ती टाकून द्यायची का?*

उत्तर: मुळीच नाही. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा, दुरुस्ती करायची ती प्रतीवर. कापलेले माथे भरून काढणारी सॉफ्टवेअर आहेत. पण ती आजूबाजूचं पाहून अंदाज बांधतात, हे ध्यानात असू द्या. ज्या क्षणी आजीचा आवाज कापला गेला तिथं सॉफ्टवेअरनं घातलेला आवाज आजीचा नसतो. म्हणून प्रतीवर तसं नोंदवून ठेवा. शब्द कळत नसतील तर घरच्या कुणाला शेजारी बसवून ऐका आणि लिहून काढा, त्यांना ओळखीनं कळतात. आणि ती आजी असेल, तर पुढच्या रविवारी पुन्हा जा. त्यांना कारण सांगितलंत तर त्या रागावणार नाहीत. उलट, आपलं गाणं पुन्हा ऐकायला कुणी आलं याचं त्यांना बरंच वाटेल.